भोंगा वाजवायचा कुणी?

२०२२ हे वर्ष महाराष्ट्राच्या राजकारणात भोंग्यांचे वर्ष म्हणून लक्षात राहील. कोणता भोंगा किती मोठ्याने, किती वाजता आणि कोणाच्या परवानगीने वाजावा, यावर त्या उन्हाळ्यात सभा गाजल्या, पोलिसांच्या नोटिसा निघाल्या आणि वृत्तवाहिन्यांची काही आठवड्यांची बेगमी झाली. त्याच वर्षी ऐन पावसाळ्यात सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात आणखी एक भोंगा बसला. त्यावर कोणी सभा गाजवली नाही. मुंबईच्या उपनगरांत त्याचे कौतुक झाले ते दोन दिवस, आणि तेही मोबाइलवर. अंधेरीत कोणी ती बातमी वाचली, मुलुंडच्या मेहुण्याला पाठवली, मेहुण्याने अंगठा उंचावलेले चित्र परत पाठवले आणि दोघांचेही अंगठे पुढच्या बातमीकडे सरकले.

वडगावात घडले ते थोडक्यात असे. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर आले. ज्या पालकांनी तोवर मुलांच्या हाती मोबाइल देणे कटाक्षाने टाळले होते, त्यांनीही पोटाला चिमटा काढून, हप्त्यांवर का होईना, तो घेऊन दिला. शाळेनेच सांगितले म्हटल्यावर नाही म्हणायचे कसे? शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा शिक्षकांना दिसले की मुले वर्गात परत आली आहेत, त्यांचे लक्ष मात्र परत आलेले नाही. लिहिण्यावाचण्याचा कंटाळा, शाळेआधी मोबाइल, शाळेनंतरही मोबाइल. १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावाची बैठक झाली आणि ठरले, की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल; त्यानंतर दीड तास गावातले दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल बंद राहतील; साडेआठला भोंगा पुन्हा वाजला की ज्याला जे चालू करायचे ते त्याने करावे. सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली तेव्हा पुरुषमंडळींनी तिची टिंगल केली. स्त्रियांनी मात्र मालिकांपायी स्वतःचाही वेळ जातो हे मोकळेपणाने मान्य केले आणि निर्णय उचलून धरला. सुरुवातीला घरोघर फिरून समजूत घालावी लागली. ऊस पिकवणाऱ्या आणि साखर कारखान्यात राबणाऱ्या माणसांचे, जेमतेम तीन हजार वस्तीचे हे गाव. तेथे कोणी मानसोपचारतज्ज्ञ बोलावला नव्हता की कोणत्या परदेशी विद्यापीठाचा अहवाल वाचला नव्हता.

या निर्णयातील खरे मर्म बहुतेकांच्या नजरेतून सुटले. भोंगा मुलांसाठी वाजत होता, पण बंद होत होता तो सगळ्या घराचा मोबाइल. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बांसी या गावाच्या ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी केली. हेतू चांगलाच होता. परंतु बाप ओट्यावर बसून चित्रफिती पाहणार, आई चुलीपाशी पाहणार आणि मुलाने मात्र धडा वाचायचा, ही वाटणी टिकाऊ नसते. वडगावच्या घरांत अभ्यासाची वेगळी खोली नव्हती. एकाचा पडदा चालू राहिला तर दुसऱ्याचे पुस्तक मिटते, हे तिथल्या माणसांना रोजच्या अनुभवाने ठाऊक होते. म्हणून त्यांनी मुलाला वळण लावण्याआधी घराची वेळ बांधली.

आता मुंबईच्या उपनगरांकडे वळू. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी या भागांत वडगावच्या कितीतरी पट माणसे एकेका प्रभागात राहतात. शिक्षण अधिक, पैसा अधिक, डॉक्टर, वकील, प्राध्यापक हाकेच्या अंतरावर. आणि तरीही रात्री आठच्या सुमारास कोणत्याही संकुलाच्या आवारात उभे राहून खिडक्यांकडे पाहिले, तर दिव्यांच्या पिवळ्या उजेडात निळसर चौकोन किती आहेत ते मोजावेत. दोन खोल्यांच्या घरात चार माणसे, चार मोबाइल, आणि जेवणाची हाक व्हॉट्सअ‍ॅपवर. यात अतिशयोक्ती वाटत असेल त्याने शेजारच्या घरात डोकावण्याचीही गरज नाही.

लोकलचा डबा तर या व्यसनाचे चालते प्रदर्शनच आहे. एके काळी या डब्यात काय चालत नव्हते? टाळ-ढोलकीच्या साथीने भजने होत. ती भजनी मंडळे काही डब्यांत आजही चिवटपणे टिकून आहेत. पत्त्यांचे डाव गुडघ्यांवर अंथरलेल्या वर्तमानपत्रावर रंगत. महिलांच्या डब्यात भाजी निवडली जाई, हळदीकुंकू होई, लग्ने जमत, नोकरीतला छळ सांगून मन हलके होई. बारा-पंधरा वर्षे एकाच गाडीने जाणाऱ्यांची नाती सख्ख्यांपेक्षा घट्ट होत. आता मान खाली, कानात बोंडूक. उतरताना शेजारच्याचा धक्का लागला तरच त्याचे अस्तित्व कळते.

परंतु लोकलमधल्या माणसाला नुसते दूषण देऊन भागणार नाही. रेल्वेच्या परिभाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ नावाचा एक शब्दप्रयोग आहे. एका चौरस मीटरच्या जागेत चौदा ते सोळा माणसे उभी, असा त्याचा अर्थ. जनावरांच्या वाहतुकीलाही नियम आहेत. उपनगरी प्रवाशाला हा शब्दप्रयोग आहे. अशा गर्दीत हाताच्या तळव्याएवढा पडदा हाच माणसाचा एकमेव खासगी कोपरा उरतो. घरीही तेच. चारशे चौरस फुटांच्या घरात वाढणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला दार लावून घेता येईल अशी एकच खोली मिळते, आणि ती तिच्या मोबाइलमध्ये असते. हे समजून न घेता ‘आजकालची पिढी बिघडली’ असे सुस्कारे टाकणारे ज्येष्ठ प्रश्नाला हातच घालत नाहीत. या शहराने माणसाकडून जागा काढून घेतली, आणि त्या पोकळीत व्यापाऱ्याने आपले दुकान थाटले.

व्यापारी हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. कारण मोबाइलचा प्रश्न हा प्रामुख्याने संयमाचा प्रश्न आहे, हा समज त्या व्यापाऱ्यांनाच सोयीचा आहे. मुंबईकराला मटका ठाऊक आहे. १९६०च्या दशकात फोफावलेल्या त्या आकड्याच्या खेळाने गिरणगावातल्या कित्येक घरांची चूल विझवली. मटक्याची ओढ मोठ्या बक्षिसात नव्हती. ती होती आज लागेल की नाही या अनिश्चिततेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी हेच कबुतरांवर प्रयोग करून दाखवले होते. कळ टोचली की दर वेळी दाणा मिळाला, तर कबुतर भूक भागेपर्यंत टोचते. दाणा कधी मिळतो, कधी नाही, असे केले की ते वेड्यासारखे टोचत राहते. मोबाइलचा पडदा खाली ओढून सोडला की काही तरी नवे येते. कधी भाच्याचा फोटो, कधी कुणाची खोडी, कधी काहीच नाही. मटक्याचा आकडा दिवसातून दोनदा फुटत असे. हा आकडा दर मिनिटाला फुटतो, आणि घरातल्या सात वर्षांच्या मुलापासून सत्तरीतल्या आजोबांपर्यंत सगळेच खेळणारे.

हे आपोआप घडलेले नाही. कितीही खाली सरकवले तरी न संपणाऱ्या पानाची रचना २००६ मध्ये करणारे एझा रास्किन यांनी पुढे तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी २०१७ मध्ये सांगून टाकले, की मानवी मनातील एका दुबळेपणाचा फायदा जाणीवपूर्वक उठवला गेला. त्याच वर्षी नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी आपली स्पर्धा झोपेशी आहे असे म्हटले होते. दरोडेखोर इतक्या स्पष्टपणे आपला बेत सांगत असता आणि घरमालक मात्र ‘माझीच झोप जरा गाढ आहे’ म्हणून स्वतःला दोष देत असता, तर त्या घरमालकाला काय म्हणावे?

घरातल्या वडीलधाऱ्यांचा एक ठरलेला युक्तिवाद असतो. दूरचित्रवाणी आली तेव्हाही अशीच ओरड झाली होती, पुढे काय झाले? प्रश्न रास्त आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा ते वाचन बुडवणार अशी भीती व्यक्त झाली होतीच. पण फरक पाहा. चाळीत एका घरी संच असे आणि दारात चपलांचा ढीग लागे. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी रामायण लागले की रस्ते ओस पडत, कारण सारी माणसे एका ठिकाणी, एका वेळी, एकच गोष्ट पाहत. पाहून झाल्यावर तीवर बोलत, भांडत. रात्री प्रक्षेपण संपले की पडद्यावर मुंग्या येत. त्या मुंग्यांचे उपकार आज कळतात. कार्यक्रमाला शेवट होता. मोबाइलला शेवट नाही आणि शेजारीही नाही. एका सोफ्यावरचे तिघे तीन वेगवेगळ्या जगांत असतात आणि त्या प्रत्येकाला त्याच्या आवडीनेच गुंतवणारे यंत्र दूर कुठे तरी अखंड चालू असते.

काही वेळा समाज जागा होतो, पण भलत्याच दाराशी जाऊन ओरडतो. २०१७च्या जुलै अखेरीस अंधेरीत एका चौदा वर्षांच्या मुलाचा दुर्दैवी मृत्यू झाला. लगोलग त्याला एका परदेशी खेळाचे नाव जोडले गेले आणि देशभर काहूर उठले. शाळांनी पत्रके काढली, पालकांच्या बैठका झाल्या, दप्तरे तपासली गेली. पुढे २०१८च्या आरंभी केंद्र सरकारने संसदेत सांगितले, की चौकशी झालेल्या कोणत्याही घटनेत त्या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही. पण तोवर सगळे शांत झाले होते. राक्षस समुद्रापलीकडून येतो आणि एखाद्या मुलाला गिळतो, ही कथा पटायला सोपी जाते. राक्षसच नाही, रोजचे साडेतीन-चार तास झिरपून जाताहेत आणि त्याची गळती स्वयंपाकघरातल्या नळापेक्षाही संथ आहे, ही गोष्ट बैठक बोलावण्याइतकी भयंकर वाटत नाही.

राष्ट्रप्रेमाच्या नावाने झालेल्या एका प्रसंगाचाही येथे परखड विचार व्हायला हवा. गलवानच्या संघर्षानंतर २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. निर्णय योग्यच होता आणि त्याचे स्वागतही झाले. ज्यांनी तोपर्यंत दिवसाचे तास त्यात घालवले होते, त्यांनीही अभिमानाने ते अ‍ॅप पुसून टाकले. ८ जुलैला, म्हणजे अवघ्या नवव्या दिवशी, अमेरिकी कंपनीने इन्स्टाग्रामवर रील्स भारतात आणले. सप्टेंबरमध्ये यूट्यूबने आपले शॉर्ट्स आणले. दुकानावरची पाटी बदलली, गिऱ्हाईक तेच राहिले, माल तोच राहिला, आणि गल्ला बीजिंगऐवजी कॅलिफोर्नियात मोजला जाऊ लागला. परकीय मालावर बहिष्कार घालण्याची मोठी परंपरा या महाराष्ट्राला आहे. १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, पण त्या होळीमागे स्वदेशी कापड विणण्याचा आग्रह होता. २०२० मध्ये होळी झाली खरी, मात्र आग्रह कशाचाच नव्हता. आणि ज्या चीनचे अ‍ॅप येथून हाकलले, त्याने स्वतःच्या मुलांसाठी काय केले? २०२१ मध्ये तेथे अठरा वर्षांखालील मुलांच्या ऑनलाइन खेळांवर शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, एवढाच एक तास अशी मर्यादा आली. टिकटॉकच्या चिनी भावंडावर चौदा वर्षांखालील मुलांना दिवसाला चाळीस मिनिटे. चीनची दंडेली कोणी येथे आणावी असे नव्हे. पण जो आपला माल परक्याच्या पोरांना मनसोक्त विकतो आणि स्वतःच्या पोरांना मापून देतो, त्याला त्या मालाचा गुण पुरता माहीत असतो.

मुलांविषयी इतके बोलून झाल्यावर प्रौढांकडे वळणे क्रमप्राप्त आहे. मुख्य रोग तिथेच आहे. विलेपार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचे कालिदास ही नाट्यगृहे म्हणजे उपनगरातील मराठी मध्यमवर्गाच्या अभिमानाची स्थाने. तिसऱ्या घंटेआधी मोबाइल बंद करण्याची विनंती होते, आणि पहिला अंक रंगात आला की कुठल्या तरी पर्समध्ये रिंगटोन वाजतेच. अभिनेते सुबोध भावे यांनी २०१९ मध्ये, प्रयोगात वाजणाऱ्या मोबाइलला वैतागून, हे असेच चालणार असेल तर नाटकात काम करणे थांबवलेले बरे, असे जाहीरपणे लिहिले होते. हा प्रेक्षक अशिक्षित नाही, अल्पवयीन तर नाहीच. तो चारशे-पाचशे रुपयांचे तिकीट काढून येतो आणि दोन तास आपल्या यंत्रावाचून राहू शकत नाही. घरी गेल्यावर हाच प्रेक्षक मुलाला मोबाइलच्या दुष्परिणामांवर व्याख्यान देतो.

पहाटेच्या शुभेच्छांचे तर विचारूच नये. सूर्योदय, गुलाबाचे फूल, खाली सुविचार. २०१८ मध्ये अशी बातमी आली की भारतीयांच्या मोबाइलची जागा या चित्रांनी इतकी भरून जाते, की गूगलला ती शोधून पुसणारी सोय करावी लागली. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण एवढ्यावरच ती संपत नाही. न वाचता पुढे ढकलण्याचा जो सराव गुलाबाच्या फुलावर होतो, तोच पुढे विषारी मजकुरावर चालतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजारात पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असा मजकूर त्या भागात मोबाइलवर फिरत होता. मारले गेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. शतकानुशतके या महाराष्ट्राने ज्यांना सुपातून दाणे घातले, त्यांना एका दिवसात न वाचलेल्या मजकुराने परके ठरवले. तो मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी कित्येकांनी केवळ काळजीपोटी, आपल्या बहिणीला सावध करावे म्हणून, पाठवला असेल. त्यांच्या हातांना रक्त लागले नाही. अंगठा तेवढा लागला.

राईनपाड्यानंतर एक महत्त्वाची गोष्ट घडली. देशभर अशा हत्यांचे सत्र सुरू झाल्यावर सरकारने कंपनीला जाब विचारला आणि त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. म्हणजे यंत्राची रचना बदलता येते. ती बदलायला वर्षे लागत नाहीत, आठवडे पुरतात. फक्त सत्तेने दरडावून विचारावे लागते. तंत्रज्ञान हे महापुरासारखे असते, त्याला अडवता येत नाही, असा जो शहाजोग सूर लावला जातो, त्याला याहून चोख उत्तर नाही. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते उघडण्यास मनाई करणारा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आणला. फ्रान्सने २०१८ मध्येच शाळांतून मोबाइल हद्दपार केले. भारतानेही ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी घातली, तेव्हा हजारो कोटींचा धंदा बुडेल हा आक्रोश संसदेने ऐकून घेतला नाही. २०२३च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यातही मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास मज्जाव आहे. ती तरतूद कागदावर राहू नये, यासाठी पालकांचा रेटा लागेल. आज तो दिसत नाही, कारण पालक व्यग्र आहेत. कशात, ते सांगायला नको.

‘पण मोबाइलवर मुले शिकतात ना!’ असे म्हणणाऱ्यांनी ‘असर’चा २०२४चा अहवाल पाहावा. देशाच्या ग्रामीण भागातील चौदा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींपैकी ८२ टक्क्यांहून अधिकांना स्मार्टफोन चालवता येतो. आदल्या आठवड्यात त्याचा अभ्यासासाठी वापर केलेले ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापर केलेले ७६ टक्के. शहरातील आकडे याहून सात्त्विक असतील अशी आशा कोणी बाळगत असेल तर त्याने बोरिवलीतल्या कोणत्याही क्लासच्या जिन्यावर दहा मिनिटे उभे राहावे.

मोबाइलने दिलेले दान नाकारण्यात अर्थ नाही. मुलगा न्यू जर्सीत आणि आईवडील मुलुंडला, अशा घरात रविवार सकाळचा तो चेहरा पडद्यावर दिसणे हेच आठवड्याचे औषध असते. घरगुती मसाले आणि दिवाळीचा फराळ विकणाऱ्या कांदिवलीच्या गृहिणीचे दुकानच त्यात आहे. साकीनाक्याच्या वाहतूक कोंडीत उभ्या असलेल्या जेवण पोचवणाऱ्या तरुणाला तो दूर ठेव म्हणून सांगणे म्हणजे उपाशी राहा म्हणून सांगणे. आणि अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या कचेऱ्यांत राबणाऱ्या हजारो जणांना रात्री अकरालाही वरिष्ठांचा संदेश येतो. न पाहिला तर सकाळी कपाळावर आठी. ही सक्तीची गुलामगिरी आहे, तिला व्यसन म्हणणे अन्यायाचे होईल. कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये लोकसभेत मांडले. पक्षभेद कितीही असले तरी त्या विषयाला पाठिंबा द्यायला कोणाची हरकत नसावी. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून आहे.

पण या साऱ्या सबबींची बेरीज केली तरी दिवसाचे जे तास उरतात, त्यांचा हिशेब द्यावाच लागतो. लोकलच्या दारात उभे राहून चित्रफीत पाहणाऱ्याची नोकरी त्या चित्रफितीवर अवलंबून नसते. रुळांलगत खांबाआड दबा धरून बसणाऱ्या आणि काठीचा फटका हाणून मोबाइल पाडणाऱ्या फटका टोळ्यांनी आजवर किती जणांचे हात मोडले. फटक्याने तोल जाऊन काही जण गाडीखालीही गेले. उपनगरी रेल्वेवर दर वर्षी सुमारे अडीच हजार माणसे जीव गमावतात, त्या शहरात दारातल्या माणसाचे दोन्ही हात दांड्याला हवेत, हे सांगायला कोणत्या शास्त्राची गरज आहे? जानेवारी २०१६ मध्ये वांद्रे बँडस्टँडच्या खडकांवर स्वतःचे छायाचित्र घेताना एक मुलगी समुद्रात ओढली गेली, आणि तिला वाचवायला उडी घेतलेला वाटसरूही गेला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी असे फोटो घेण्यास मनाई असलेली पंधरा-सोळा ठिकाणे जाहीर केली. छायाचित्रासाठी मनाईची पाटी लावावी लागते, हे शहर कोणत्या अवस्थेला आले आहे त्याचे निदर्शक म्हणायचे.

सामाजिक कामात असलेल्यांना या प्रश्नाची एक वेगळी झळ लागली आहे आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. पूर्वी संपर्क म्हणजे चार जिने चढणे. दारावरची पाटी वाचणे, चपला बाहेर काढणे, आजीची गुडघेदुखी विचारणे, समोर आलेला चहा नको म्हणताना घेणे, आणि निघताना कामाचे बोलणे. त्या चार जिन्यांत घराची खबर मिळे. कोणाची नोकरी गेली, कोणाच्या मुलीचे लग्न अडले, कोण आजारी आहे. आता दोनशे जणांच्या गटावर बैठकीचा निरोप पडतो, दोनशे निळ्या खुणा उमटतात आणि बैठकीला अकरा जण येतात. ‘निरोप दिला होता’ ही कार्यकर्त्याची ढाल झाली. निरोप गेला, माणूस भेटला नाही. कोरोनाच्या पहिल्या लाटेत ज्या संकुलांत एकट्या वृद्धांना औषधे आणि डबा वेळेवर पोचला, ती संकुले ओळखीच्या माणसांची होती. गटात नाव असणे निराळे, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना दुपारी इन्शुलिन लागते हे ठाऊक असणे निराळे.

हे सारे पटते, पण मुंबईत ते चालणार नाही, असे सांगणारे प्रत्येक सभेत भेटतात. त्यांची कारणेही तयार असतात. येथे लोक सातला घरी पोचतच नाहीत. येथे गावकी नाही, भाऊबंदकी नाही, एका मजल्यावर चार भाषा. हे खरे आहे. पण वडगावला जे ग्रामपंचायतीने दिले, ते मुंबईच्या उपनगरांत आधीच आहे आणि त्याचे नाव सहकारी गृहनिर्माण संस्था. ती पाणी किती वाजता सोडायचे ते ठरवते, उद्वाहनात कुत्रा न्यावा की नाही ते ठरवते, गणपतीची वर्गणी, होळीचा खड्डा, गच्चीवर वाळवण घालण्याच्या वेळा, सारे ठरवते. चार भाषा बोलणारी ती माणसे पाण्याच्या प्रश्नावर एका भाषेत बोलतात. वेळ सातची जमत नसेल तर नऊ ते दहा ठेवावी. तो तास दंडाने चालणार नाही हे उघड आहे आणि दंड लावूही नये. वडगावातही घराच्या आत पोलीस पाठवले नव्हते, शेजाऱ्याची भीड होती. डॉक्टर, पाळीवर जाणारे, परदेशातल्या मुलाच्या फोनची वाट पाहणारे यांना सवलत असावी. बाकीच्यांनी त्या तासात काय करावे याचा कार्यक्रम ठरवायच्या भानगडीत समितीने पडू नये. काही घरी पुस्तक उघडेल, काही घरी परवचा म्हटला जाईल, काही घरी नवराबायकोचे राहून गेलेले भांडण होईल. तेही आवश्यकच असते.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. विषयपत्रिका चौदा दिवस आधी जिन्याखालच्या फलकावर लागते. वाहनतळाच्या वाटपावर दोन-दोन तास भांडणाऱ्या या सभेला एका तासाच्या विषयासाठी दहा मिनिटे काढणे अवघड जाऊ नये. चिटणिसांकडे आधी लेखी पत्र द्यावे लागते, आणि सभेत एक सूचक व एक अनुमोदक, एवढी दोन माणसे लागतात. रोज नऊ वाजता घंटा कोणी वाजवायची, हा प्रश्न त्यानंतरचा. बहुतेक संकुलांत रात्रपाळीचा रखवालदार तेव्हा नुकताच कामावर आलेला असतो.